खिंडीखालचं घर

मामाला दिसत नाही, तेव्हा त्याला कळणारही नाही, असं मी धरून चालले होते. एरवी मी इतकी मूर्ख नाही.

मामा म्हणजे आर्नुल्फ, आईचा थोरला भाऊ, वय एकोणऐंशी. तीस वर्षांपूर्वी सरकारी मदत घेऊन आमच्या अख्ख्या स्कार्वोया बेटावरची वस्ती उठली, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आम्ही बर्गन शहरात गेलो. मामा समोरच्या किनाऱ्यावर मासळीच्या कारखान्यात लागला, पण डोळे जाईपर्यंत दर उन्हाळ्यात बेटावर जाऊन घर उघडायचा. आपला हिस्सा त्यानं कधीच आईला देऊन टाकला होता. आईमागे घर माझ्या नावावर आलं आणि दोन वर्षांपूर्वी मी ते विकलं. लाकडी घर. घेणाऱ्यानं ओंडक्यांवर आकडे घालून ते उकललं आणि दूर आतल्या दरीत पुन्हा उभं केलं. मामाला आज सांगू, उद्या सांगू करत मी गप्प राहिले. या ऑगस्टात तो हट्टालाच पेटला. "एकदा घरी ने मला. शेवटचं."

म्हणून आम्ही होडीत होतो. मला होडी चालवता येत नाही, म्हणून सुकाणू त्याच्या हातात आणि बघायचं काम माझ्याकडे.

बेट जवळ आलं तशा लाटा जड झाल्या. बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली दोन खडक आहेत, म्हातारा आणि म्हातारी. दोघांमधून वाट जेमतेम होडीपुरती.

"आता घर बघ," मामा म्हणाला. "डोंगरातल्या खिंडीच्या बरोब्बर खाली घर आलं की सांग. मग मी सरळ आत घालतो."

ही खूण लहानपणी शंभरदा ऐकलेली, आणि मी साफ विसरले होते. माझ्या लेखी घर म्हणजे नुसती राहायची जागा. बेटावर आयुष्य काढलेला कुणी हे विसरला नसता.

"दिसलं का गं?"

"थांब, ऊन डोळ्यांवर येतंय."

"ऊन? मला तर पाठीवर लागतंय. बर्गनला डोळे विसरून आलीस की काय?"

डावीकडे पाणी फुटलं, पांढराशुभ्र फेस उसळला. म्हातारी. "हो, दिसलं" असं म्हणून टाकावं, असं मला क्षणभर वाटलं. त्याची लाज अजून जात नाही.

"मामा, घर नाहीये. मी विकलं. उकलून नेलं त्यांनी."

त्यानं इंजिन मंद केलं. होडी आडवी होऊन हेलकावू लागली. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"धुराडं?" त्यानं विचारलं.

"तेही नाही. काहीच दिसत नाही, मामा. सगळा उतार सारखाच आहे."

"सारखा कसा असेल? तुझ्या आजीनं चाळीस वर्षं मागच्या दारी राख आणि खरकटं टाकलंय. त्या खतावरचं गवत काळंहिरवं असणार. नीट बघ, रडतेस काय!"

मी डोळे पुसले. फिकट उतारावर दाट गवताचा एक गडद हिरवा तुकडा होता, रुमालाएवढा.

"आहे! पण खिंडीच्या डावीकडे. अजून... थोडं अजून... आलं!"

त्यानं इंजिन पुऱ्या जोरात सोडलं. दोन्ही बाजूंना पाणी खदखदत होतं. तळाला काहीतरी करकरून घासलं. मग एकदम संथ पाणी लागलं.

उतरताना 'हात धर' म्हणत मी हात पुढे केला. त्यानं तो घेतला नाही. काठी टेकत, न चुकता, तो चढ चढून गेला. घराच्या पायाचे दगड तेवढे उरले होते. त्यांच्याशी तो थांबला, गवतावर आधी एक बूट पुसला, मग दुसरा, आणि दगड ओलांडून आत गेला. आत म्हणजे वाऱ्यातच.

मी बाहेर उभी राहिले.

"मामा, येऊ का?"

"कोण आहे?"

टोमणा मारतोय असं वाटलं, पण चेहऱ्यावर तसं काही नव्हतं; घरात बसून दारातल्या अनोळख्याला विचारावं तसंच त्यानं विचारलं होतं. मी नाव सांगितलं, गुन्वोर. मग परक्या दारात सांगावं तसं आईचंही नाव सांगितलं.

तो ये म्हणाला नाही. आणि ते दगड ओलांडायचं धाडस माझं झालं नाही.