आज बघ, उद्या ने

मदरबोर्डाची तीन खोकी टेबलावर मांडली होती. बाबांनी त्यातलं सगळ्यात भपकेबाज खोकं उचललं, त्यावरच्या चित्राकडे ढुंकूनही बघितलं नाही, आतला बोर्ड पिशवीतून अलगद बाहेर काढला आणि आधी त्याची पाठ बघितली. समोर बसलेल्या ठमीने श्वास रोखून धरला होता. बाबांनी कडेवरून अंगठा फिरवला, दोन कोपरे धरून बोर्ड किती वाकतो ते अजमावलं, मग तो सुलटा करून खिडकीच्या उजेडात धरला.

"यात दिवे आहेत," ते म्हणाले.

"हो बाबा. रंग बदलतात त्यांचे."

"दिव्यांसाठीच घ्यायचं तर टॉर्च घे ना, ठमे. स्वस्तात पडेल."

ठमी खळखळून हसली. बऱ्याच दिवसांत त्यांनी तिला अशी हाक मारली नव्हती. ठमी हे काही तिचं कागदोपत्री नाव नव्हे. लहानपणी ती गुटगुटीत होती, म्हणून बाबांनी ठेवलेलं ते नाव. पुढे ती वाळून काडी झाली, शिकली, घरांचे नकाशे काढण्यात तिने नाव कमावलं, पस्तिशी उलटली, तरी घरात ती ठमीच राहिली. बाहेरच्या कुणी तसं म्हटलेलं मात्र तिला खपत नसे.

बाबांचं बाजारात कॉम्प्युटरचं दुकान होतं. दुकान म्हणजे पुढे एक काउंटर, मागे कामाचा बाक आणि दोन्हींच्या मध्ये बाबा. त्यांनी शाळेत कधी शिकवलं नाही, पण सगळा बाजार त्यांना मास्तर म्हणे, कारण चार शब्द सुनावल्याशिवाय ते कुणाला सोडत नसत. गिऱ्हाईक यायचं ते प्रोसेसरच्या गप्पा मारत. मास्तर त्याला खुर्ची द्यायचे आणि बोर्डापासून सुरुवात करायचे. वीज जिथून येते तिथल्या भागावर धातूचं झाकण आहे का, ते स्क्रूने बसवलंय की नुसतं चिकटवलंय, पंख्यांच्या तारा कुठे पोचतील, तारीख-वेळ लक्षात ठेवणारी एवढीशी बॅटरी बदलायला अर्धा कॉम्प्युटर उसवावा लागेल का. "बोर्ड घेणाऱ्यासाठी बघायचा नसतो," ते म्हणायचे, "नंतर तो उघडणाऱ्यासाठी बघायचा असतो." नंतर उघडणारे बहुतेक तेच असत, हा भाग वेगळा.

आणि त्यांचा एक नियम होता. आवडलेला बोर्ड त्याच दिवशी कुणाला मिळत नसे. आज बघ, उद्या ने. गिऱ्हाईक तरुण असेल तर पुढे आणखी एक शेपूट लागायचं, "घरी वडिलांना विचारून ये." एकदा एका मुलाचे वडील खोकं काखेत मारून आले होते आणि त्यांनी भर बाजारात मास्तरांचा पाणउतारा केला होता, पोराने घरी न विचारता खरेदी केली म्हणून. मास्तरांनी बोर्ड मुकाट्याने परत घेतला आणि कानाला खडा लावला. तेव्हापासून मिशा फुटलेल्या बाप्यांनाही ते वडिलांना विचारायला पाठवायचे. एकाने सांगितलं, वडील नाहीत. मास्तर म्हणाले, मग आईला विचार. धंदा अशाने बुडतो असं लोक म्हणत. बुडाला नाही. दुसऱ्या दिवशी आलेलं गिऱ्हाईक जन्माचं टिकायचं.

दुसरी गोष्ट अशी की समोर गिऱ्हाईक असताना ते जागचे हलत नसत. भूक लागो, डोकं दुखो, ते जाईपर्यंत बसून राहायचे. शाळा सुटली की ठमी दोघांचा डबा घेऊन दुकानाच्या पायरीवर बसायची. गिऱ्हाईक बाहेर पडलं की आतून हाक यायची, "ठमे, गेलं गं गिऱ्हाईक. ये." मग बाकावरची हत्यारं बाजूला सारून बापलेक जेवायची.

ते दुकान आता, पूर्वी त्यांच्याच हाताखाली काम शिकलेला एक जण चालवतो. बाबा लोकांची नावं विसरायला लागले, मग रस्ते, मग सकाळी जेवलो की नाही ते. ठमीची आई आधीच गेलेली. आत्या राहायला आली आणि तिने घर हातात घेतलं.

ठमीचा कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. मोठा नकाशा उघडला की तो धापा टाकायचा. नवा करायचं ती कधीची म्हणत होती, आणि दर वेळी पुढच्या वर्षी आणखी चांगलं काही येईल म्हणून ढकलत होती. त्या ढकलण्यात बाबांचे चांगले दिवस निघून गेले. या घरातल्या प्रत्येक कॉम्प्युटरचा बोर्ड बाबांनी निवडलेला होता. आता तिला एकच हवं होतं. आणखी एक बोर्ड त्यांनी निवडावा, आपण तो कुणासाठी निवडतोय हे त्यांना ठाऊक असताना निवडावा, आणि तिच्या शेजारी बसून जोडावा. दुकानदाराने तीनही खोकी तशीच देऊन टाकली. "मास्तरांना दाखवा, ताई. नको ती परत आणा. त्यांच्याकडे आहेत म्हणजे माझ्याच कपाटात आहेत."

त्या दिवशी बाबांनी दुसरा बोर्डही बाजूला सारला. त्याची बॅटरी ग्राफिक्स कार्ड बसवायच्या जागेखाली दडली होती. "ही बदलायला कोण येणार? मी?" तिसरा त्यांनी बराच वेळ हातात ठेवला. साधा, काळा, चारही रॅम शेजारी शेजारी नीट बसतील असा. तारा कुठे लावायच्या ते ठळक अक्षरात छापलेलं. त्यांनी त्या अक्षरांवर नख टेकवलं आणि वाचलं.

"हा बरा आहे," ते म्हणाले. बाबांच्या तोंडचं बरा म्हणजे इतरांचं उत्तम.

"मग जोडायला घेऊ? बाकी सगळं आणून ठेवलंय."

"आज बघ," बाबा म्हणाले, "उद्या ने."

आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं, बसलेत तर घे जोडून. मूड आहे त्यांचा."

"नको आत्या. त्यांच्या पद्धतीने होऊ दे." ठमीने बोर्ड पिशवीत घातला. ती फार खूश होती. इतकं सगळं जुन्यासारखं झालं होतं की नियम मोडायचा तिला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी तीनही खोक्यांकडे बघितलं आणि विचारलं, "हे काय आणलंस?"

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा पाठ बघणं, अंगठा फिरवणं, दिव्यांसाठी टॉर्च घे. पुन्हा दुसऱ्याची बॅटरी. आणि पुन्हा तिसरा हातात घेऊन, "हा बरा आहे." ठमीचा चेहरा पडला होता, तो इथे उजळला. आठवण गेली असेल, पण नजर शाबूत आहे. दोन्ही दिवशी तोच बोर्ड, त्याच कारणासाठी. हे काय थोडं झालं? तिने मनाशी ठरवून टाकलं की बाबांना एकदा तरी आदल्या दिवशीचं आठवेल, ते म्हणतील काल बघितला तोच ना, आणि मग जोडायचा. आशेला लागलेल्या माणसाशी कोण हुज्जत घालणार? आत्याने घालून बघितली.

"उद्या, उद्या. तुझा तो उद्या येतोय कुठे? त्यांना जे आठवत नाही, त्याचं आपण कशाला पथ्य पाळायचं?"

"त्यांचा नियम आहे, आत्या."

"नियम दुकानात होता. तू काय गिऱ्हाईक आहेस?"

ठमीने बोर्ड पुन्हा पिशवीत घातला. असे किती दिवस गेले ते तिने मोजले नाहीत. कधी बाबा बोर्डाकडे बघायचेच नाहीत, नुसते खिडकीबाहेर बघत बसायचे. कधी दोनच खोकी बघून थकायचे. एकदा त्यांनी तिला आईच्या नावाने हाक मारली. तिने ओ दिली आणि नंतर मोरीत जाऊन नळ सोडून रडली. ठमे अशी हाक मात्र पुन्हा आली नाही.

नको असलेली दोन खोकी परत द्यायला ती दुकानात गेली. तिसरं आणखी काही दिवस राहू द्या म्हणाली. दुकानदार कळवळ्याने म्हणाला, "काय हो हे ताई. बोर्ड तारीख विसरला तर निदान बॅटरी तरी बदलता येते." माणूस चांगला होता, त्याने मास्तरांचं मीठ खाल्लं होतं, बोलला तेही मायेपोटी. तरी ठमीला त्याचा असा संताप आला की ती निरोप न घेताच बाहेर पडली. असल्या उपमा बाहेरच्यांना सुचतात. घरातल्यांना दात घासून द्यायचे असतात, बटणं लावून द्यायची असतात.

रस्त्यात तिचा राग निवला आणि मग तिला ते लख्ख दिसलं. पहिल्याच दिवशी बाबा तिला नावाने हाक मारत होते, हातात बोर्ड होता, सगळं सामान घरात होतं, आणि तिने बोर्ड पिशवीत घालून ठेवला होता. नियम पाळला म्हणून. ती फुटपाथवरच थांबली. लोक तिला वळसा घालून जात राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने टेबल मोकळं केलं. कॉम्प्युटरचं रिकामं कॅबिनेट आडवं ठेवलं, प्रोसेसरची डबी, रॅम, वाटीत स्क्रू, बाबांचा जुना चुंबकी स्क्रूड्रायव्हर. मध्यभागी ते एकच खोकं. बाबांना खुर्चीवर बसवलं.

"बाबा, आज जोडायचाच," ती म्हणाली. "उद्या नाही."

बाबांनी खोकं उघडलं. बोर्ड बाहेर काढला, पाठ बघितली, कडेवरून अंगठा फिरवला. आज त्यांचे हात कितीतरी दिवसांनी स्थिर होते. झाकणाचे स्क्रू त्यांनी बोटाने चाचपले, बॅटरीच्या बाजूला नखाने टकटक केलं आणि समाधानाने मान हलवली. ठमीने स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हाताशी सरकवला.

"बोर्ड चांगला आहे," ते म्हणाले. "काम कसलं करतेस तू, बाळ?"

बाळ. दुकानात आलेल्या प्रत्येक पोराला ते बाळ म्हणायचे. मुलगी म्हणून घरात त्यांनी तिला ठमी सोडून दुसरं काही कधी म्हटलं नव्हतं.

"घरांचे नकाशे काढते," ती म्हणाली.

"अरे वा. आमची मुलगीसुद्धा दिवसभर रेघोट्या ओढत असते. मग तुला हाच ठीक. चारही रॅम भर पुढेमागे." त्यांनी बोर्ड पुन्हा पिशवीत घातला, पिशवी खोक्यात, आणि खोकं दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. पण सोडलं नाही. "घरी वडिलांना विचारलंस?"

आत्या दारात ताट घेऊन उभी होती. तिने तोंडाला पदर लावला.

"विचारलं," ठमी म्हणाली.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, हाच बरा आहे."

बाबांचा चेहरा खुलला. "बरा म्हणाले? उत्तम नाही म्हणाले? मग त्यांना कळतं बोर्डातलं. त्यांनी सांगितलंय तर उद्याची गरज नाही. आजच ने." त्यांनी खोकं सोडलं. "एकदा घेऊन ये त्यांना दुकानात. चहा घेऊ."

"आणते."

"जेवून घे रे आता," आत्या म्हणाली. "ताट निवतंय."

बाबांनी हात वर करून तिला थांबवलं आणि डोळ्यांनीच तिला ठमी दाखवली. गिऱ्हाईक बसलंय, दिसत नाही का?

ठमी खोकं घेऊन उठली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. ती उठल्याशिवाय ते जेवायला उठणार नव्हते. तिने चपला घातल्या, दार उघडलं, बाहेर जाऊन मागे ओढून घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर बसली. बोर्ड तिला मिळाला होता. बाबांनी स्वतः निवडून, स्वतःच्या हाताने दिलेला. तो कुणाला दिला, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. तिने खोकं पोटाशी घट्ट धरलं.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बाबांचा आवाज, मोकळा, दुकानातला.

"ठमे, गेलं गं गिऱ्हाईक. ये."

ती ताडकन उठली. खोकं पायरीवर ठेवलं, डोळे पुसले आणि दार ढकलून आत गेली. बाबा ताटापुढे बसले होते. त्यांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं, ओळख नसलेल्या माणसाकडे बघून हसतात तसं हसले आणि तिच्या खांद्यावरून दाराकडे बघत राहिले.