रिठ्यात धुतलेली लेन्स

ए मने, तो डबा ठेव बाजूला आणि नुसतं ऐक. मधी बोलायचं न्हाय. बोललीस तर पुढचं सांगणार न्हाय, आणि अर्धं ऐकून तुला आज जेवण जाणार न्हाय, आत्ताच सांगून ठेवते.

आमच्या हुपरीतले आकाराम अण्णा तुला ठाऊक हायत न्हवं? पैंजणाचे व्यापारी, त्या मिशीवाले. त्यांच्याकडनंच आई पैंजणाच्या कड्या जोडायचं काम घरी आणती. तर अण्णांना कॅटलॉग छापायचा हुता. बेचाळीस डिझाईनी. दरवर्षी कोल्हापूरचा एक स्टुडिओवाला फोटो काढायचा आणि दरवर्षी पैंजण सायकलच्या चेनसारखं दिसायचं. खोटं न्हाय सांगत. गेल्या वर्षी बाहेरगावच्या एका गिऱ्हाइकानं अण्णांना फोन करून इचारलंतं, "ही कुठल्या गाडीला बसती?"

मी म्हटलं, अण्णा, ह्या वर्षी मला द्या. आमच्या प्रसेनजीतदादानं त्याचा जुना डिजिटल कॅमेरा मला दिलाय की, मोठा, लेन्स निघतीय तो. अण्णा नुसते हसले. "पोरी, बारशाचं फोटो न्हवंत हे." पण मी गप बसणारी हाय व्हय? तीन दिवस त्यांच्या पेढीच्या पायरीवर जाऊन बसले. शेवटी वैतागून म्हणाले, "सोमवारी सकाळी दहाला फोटो कोल्हापुरात प्रेसवर पायजेत. दहा म्हणजे दहा. न्हाईतर मी त्या स्टुडिओवाल्याला बोलावतोय, आणि परत कॅमेरा घिऊन ह्या पायरीवर बसायचं न्हाय."

आता तूच बघ. हे जमलं तर हुपरीतल्या सगळ्या पेढ्यांचं फोटोचं काम कोल्हापूरला जायच्याऐवजी माझ्याकडं. न्हाय जमलं तर बीए होऊन मी आईच्या शेजारी पाटावर, कड्या जोडत. एवढं सरळ हुतं.

गुरुवारी सकाळी उठते, तर आई अंगणात पदर खोचून बसलीया. पुढ्यात रिठ्याच्या पाण्याचं घमेलं, हातात पितळी ब्रश, आणि त्या ब्रशाखाली... मने, माझी लेन्स!

आमच्याकडं पद्धतच तशी हाय. घरातनं माल बाहेर जायचा म्हणजे रिठ्याच्या पाण्यात ब्रशनं घासल्याबिगर उंबरा वलांडत न्हाय. आईनं इचार केला, पोरीचा कॅमेरा अण्णांच्यात जाणार, जाऊ दे जरा उजळून.

मला बघून कसली हसली. "लई कळकटलंतं गं तुझं भिंग. निळं-जांभळं डाग नुसतं. अर्धा तास घासलं तवा निघालं."

ते डाग न्हवते गं! ते लेन्सवर मुद्दाम दिलेलं कोटिंग असतंय!

"आणि काढलीस कशी ती?" मी इचारलं.

"त्यात काय? पैंजणाची फिरकी फिरवते तशी फिरवली, आली की हातात. आणि कॅमेऱ्याचं खोकं बाजूला काढून माझ्या पांढऱ्या साडीत गुंडाळून ठेवलंय. त्यात पाणी जाऊन चालत न्हाय. मला काय कळत न्हाय व्हय?"

लेन्स हातात घेतली आणि कानाशी धरून हलवली. आतनं पाणी वाजलं. आपण नारळ बघतो न्हवं बाजारात, अगदी तसं. काचंवर ओरखडंच ओरखडं. आणि आई माझ्या तोंडाकडं बघतीय, मी काय म्हणते म्हणून. पाचला उठलीती बिचारी त्याच्यासाठी. मी म्हटलं, "झकास झालीया आई." मागच्या दारी जाऊन पाच मिनिटं रडले, तोंड धुतलं आणि कोल्हापूरची एसटी धरली.

माझ्याकडं हुते बावीसशे रुपये, लग्नाबिग्नाचे फोटो काढून साठवलेले. स्टँडजवळच्या पहिल्या दुकानात गेले. दुकानदार म्हणतोय, "बोला पावणं." तशीच नवी लेन्स साडेसहा हजार! माझं तोंड बघूनच त्यानं वळखलं. कपाटातनं एक लांबलचक लेन्स काढली, दुधाच्या बरणीएवढी. "ही जुनी हाय, अडीचला देतो. रंकाळ्याच्या ह्या काठावरनं त्या काठावरचा माणूस वळखू येतोय बघा!"

खरं सांगू? भुलले. दिसायलाच कसली रुबाबदार! म्हटलं, तीनशे कमी पडत्यात, ते मनीकडनं घेऊ. गप, हसू नगं. पण नशीब माझं, पर्समधी आईनं जोडलेलं एक पैंजण हुतं. ते ठेवलं काऊंटरवर, लेन्स बसवली आणि बघायला लागले. धुरकट. एक पाऊल मागं सरले. धुरकट. आणखी मागं. दुकानाच्या पायऱ्या उतरले, रस्त्यावर आले, मागनं रिक्षावाला बोंबलतोय, "अवो ताई, मराय आलाय काय?" तवा कुठं ते पैंजण जरा दिसाय लागलं!

मी लेन्स परत दिली. म्हटलं, "मला रंकाळ्यापलीकडचा माणूस न्हाय बघायचा. मला वीतभरावरची कडी बघायचीया."

"मग लक्ष्मीपुरीत केरबाकडं जावा," तो म्हणाला. "भंगार असतंय त्याच्याकडं."

गेले की मग भंगारात! जिन्याखाली एवढंसं दुकान, आणि त्यात केरबा मामा, घड्याळं आणि जुने कॅमेरे दुरुस्त करणारे, एका डोळ्याला भिंग लावून बसलेले. मी सगळं सांगितलं. रिठ्यापाशी आले तर मामा असलं हसले, असलं हसले, डोळ्यावरचं भिंग खाली पडलं. मग बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढं ठेवला. आत तीन लेन्सा, फडक्यात गुंडाळलेल्या.

"रिळाच्या कॅमेऱ्याच्या हायत. सगळे स्टुडिओवाले डिजिटल झाले आणि ह्या टाकून गेले. पण तुझ्या कॅमेऱ्याचं तोंड आणि ह्यांचं तोंड एकच. निवड तुझी तू. किती कळतंय बघू."

पहिली अशी कोरी, जणू आत्ताच खोक्यातनं काढलीया. पण ट्यूबलाईटकडं धरून आतनं बघितलं, तर काचंवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. ठेवली. दुसरीच्या आतली, उजेड कमी-जास्त करायची पाती तेलानं चिकटलेली, उघडत्यात पण मिटत न्हाईत. ठेवली. तिसरी म्हणजे अवतार! रंग उडालेला, रबर गेलेलं, पुढचा काठ चेपलेला. कुणीतरी पाडलीती. पण उजेडाकडं धरली आणि मने, आतनं स्वच्छ! पाण्यासारखी! पाती तर कसली झटकन मिटत हुती!

"ही," मी म्हटलं.

"पोचा आलेली? का?"

"मोडकं पैंजण दुरुस्तीला आलं की आई वरची चकाकी बघत न्हाय. कडी उघडून बघती."

मामांनी बाकीच्या दोन परत डब्यात टाकल्या. मग म्हणाले, "हिला आटो-बिटो काय न्हाय बरं का. फोकस हातानं फिरवायचा. उजेड किती तेबी कॅमेरा सांगणार न्हाय. काढायचा, बघायचा, परत काढायचा."

"रीळ कुठं जळतंय मामा? शंभर काढीन."

खट्टदिशी बसली कॅमेऱ्यावर. पैंजणावर फोकस केला. अख्खं पैंजण आलं, एकदम झ्याक. पण घुंगरू? कडी? एवढीएवढीशीच. जवळ जावं तर धुरकट. माझं तोंड पडलं. अण्णांचं सगळं डिझाईन त्या कडीतच असतंय!

मामांनी काय केलं सांगू? लेन्स काढली. उलटी केली. पुढची बाजू कॅमेऱ्याकडं आणि मागची पैंजणाकडं, आणि हातानं तशीच धरली. "आता बघ."

मी डोळा लावला आणि किंचाळलेच! पैंजणाची फिरकी, हरभऱ्याएवढी फिरकी, तिचा एकेक आटा दिसतोय! बैलगाडीच्या चाकाएवढी!

"पण हातानं धरून बेचाळीस फोटो न्हाय हुणार," मामा म्हणाले. "उलटी बसवायची रिंग मिळती. मुंबईसनं मागवावी लागंल. आठ-दहा दिवस."

मी म्हटलं, "मामा, मी हुपरीची हाय. रिंगचं माझ्यावर सोडा."

हे म्हणताना कसलं भारी वाटलं म्हणून सांगू तुला! मामांनी अठराशे म्हणत म्हणत पंधराशेला दिली, आणि वर लेन्सच्या तोंडावर बसवायचा एक फुटका फिल्टर फुकट. "ह्याची काच काढ आणि आटे वापर," म्हणाले.

शुक्रवारी सकाळीच आमच्या गल्लीतल्या ज्ञानूकाकांच्या दारात. पैंजणाच्या डाय, म्हणजे साचे, बनवत्यात ते. बघितल्या बघितल्या म्हणाले, "काठ चेपलाय. आटे बसायचं न्हाईत." मला घाम! ते म्हणाले, "रडतीस काय? बाळाच्या वाळ्याचा पोचा काढतो का न्हाय आम्ही?" लाकडाची खुंटी लावून टकटक, टकटक, लोणी कापावं इतक्या हलक्या हातानं, पाच मिनिटांत काठ गोल! लोडशेडिंगमधी दोनला वीज आली तशी लेथ चालू केली. कॅमेऱ्याच्या तोंडाला लावायचं प्लास्टिकचं टोपण असतंय न्हवं, त्याला मधी भोक पाडलं, पितळंची रिंग बसवली, तिला त्या फुटक्या फिल्टरचे आटे. चारला वीज जायच्या आत माझ्या हातात! मी शपथ घातली, "काका, आईला रिठ्याचं बोलायचं न्हाय." काका म्हणाले, "मला तुझ्या आईच्या हातचं जेवायला मिळतंय अधनंमधनं. मी कशाला बोलू?"

शनिवारी अण्णांची पैंजणं घरी आणून फोटो काढायला बसले तर आणखी एक तऱ्हा. प्रत्येक घुंगरात मी! लाल ड्रेस घातलाता ना, तर शंभर घुंगरांत शंभर लाल संघप्रिया! चांदी म्हणजे आरसाच की. मग आईची पौर्णिमेला विहारात नेसायची ती पांढरी साडी घेतली, खिडकीशी तंबूसारखी बांधली, आत पैंजण, आणि भोकातनं नुसतं लेन्सचं तोंड. आई एकेक पैंजण रिठ्यात धुवून, पुसून माझ्या हातात देतीया. सरळ लेन्स लावून अख्ख्या पैंजणाचा एक फोटो, उलटी लावून कडीचा एक. काढायचा, बघायचा, परत काढायचा. मान मोडली, पाय बधिर झाले, पण रविवारी चार वाजता बेचाळिसावं पैंजण झालं! पळत जाऊन सायबर कॅफेत सीडी मारून घेतली.

सोमवारी पावणेदहाला प्रेसवर पोचते, तर तिथं अण्णा, आणि त्यांच्या शेजारी तो स्टुडिओवाला! गळ्यात कॅमेरा, हातात चहाचा कप. मला म्हणतोय, "या मॅडम. म्हटलं, गरज पडली तर असावं हाताशी."

मी सरळ प्रेसवाल्याकडं गेले. सीडी दिली. प्रेसवाल्यानं कॉम्प्युटरवर पहिला फोटो उघडला. अण्णांनी 'पुढचा' म्हणून बोट हलवलं. दुसरा कडीचा हुता, उलट्या लेन्सचा. अण्णांनी खुर्ची पुढं वढली, चष्मा वर केला, मिशी पार स्क्रीनला टेकली. आणि म्हणाले, "ही कडी शालननं जोडलीया."

मने! शालन म्हणजे माझी आई! त्यांना हात वळखू आला गं! फोटोतनं! पुढचा फोटो. "ही धोंडुबाईची." पुढचा. "ही परत शालनची." असं बेचाळीस! प्रेसवाला तोंडाचा आ करून बघतोय. शेवटी अण्णा खुर्चीतनं उठले आणि स्टुडिओवाल्याला म्हणाले, "चहा झाला असंल तर निघा आता."

तो निघाला, दारातनं परत वळला. हळूच इचारतोय, "मॅडम, लेन्स कुठली म्हणायची ही?"

"तुमच्यात न्हाय मिळायची," मी म्हटलं. "तुमच्यातल्यांनी टाकून दिलीती. हुपरीत नीट झाली."

नाद खुळा! तिथंच अण्णांनी आणखी दोन व्यापाऱ्यांना फोन लावले. दोन कॅटलॉग, मने, दोन! उद्यापासनं चालू!

थांब, उठू नगंस. खरं पुढंच हाय.

अण्णा काल घरी आलते पेढे घिऊन. "शालन, पोरीनं काय फोटो काढलंत! लेन्स कसली स्वच्छ!" आई एकदम ताठ बसली. "स्वच्छ असणारच की. मी धुवून दिलीती, रिठ्यात, अर्धा तास." तिला दोन्ही लेन्सा काळ्याच, एकच. ज्ञानूकाका तिथंच हुते, पेढा घशात अडकला त्यांच्या. मी तोंड उघडलं आणि आईचं तोंड बघून परत मिटलं. असली खूष मी तिला कधी बघितली न्हवती. आता ती अख्ख्या गल्लीला सांगत सुटलीया, फोटो पोरीनं काढलं पण उजाळा माझा. काल सांजच्याला बनाबाई पोराचा मोबाईल घिऊन दारात! "ह्यो बी जरा उजळून दे गं!" मी धावत जाऊन तो वाचवला.

आणि आज सकाळी इकडं यायला निघाले, तर अंगणात घमेलं. रिठे भिजत घातल्यात. आई म्हणतीय, "उद्या नवं काम हाय न्हवं? सांजच्याला लवकर ये, आणि भिंग माझ्याकडं दे. कड्याबिड्या ठेवल्यात बाजूला, आज निवांत तासभर घासते."

हे बघ, इथं पिशवीत हाय लेन्स, तीन फडक्यांत गुंडाळून. सांगावं, तर तिचा तो उजाळा जातोय. न सांगावं, तर माझी लेन्स जातीय. साडेपाचची एसटी हाय आणि तिकडं रिठे फुगाय लागल्यात. आता बोल की! माझ्या जागी तू असतीस, तर काय केलं असतंस?