चारी चाकांचा जोर

आप्पांना न्यायला जी गाडी बोलावली होती ती पिरनवाडीतल्या त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच थांबली. ड्रेनेजसाठी रस्ता खणून ठेवला होता आणि त्यात आठवडाभराची रिपरिप, म्हणजे काय झालं असेल ते विचारूच नका. ड्रायव्हर खाली उतरला, चिखलाकडं बघितलं आणि गाडी आत घालणार नाही म्हणाला. मग चार जाणती माणसं खांद्यावर न्यायचं का फळ्या टाकायच्या याची चर्चा करत बसली. कुणाच्या घरी माणूस गेलंय आणि ह्यांचं चाललंय फळ्या मोजायचं! सुनयना आत गेली, किल्ली घेऊन आली, आपल्या गाडीची मागची सीट आडवी पाडली आणि म्हणाली, आप्पा माझ्या गाडीतनं जातील.

बँकेत मॅनेजर झालेली, चाळिशीला टेकलेली, आई-बापाला शेवटपर्यंत सांभाळणारी एकुलती एक लेक. तिला कोण अडवणार? घरात त्रिशरण-पंचशील झालं होतं, मेणबत्त्या अजून जळत होत्या. आप्पांना पांढऱ्या चादरीत गुंडाळून गाडीत ठेवलं. आई, म्हणजे तानीबाई, त्यांच्या उशाशी मांडी घालून बसली. पुढं सुनयनाच्या शेजारी आप्पांची थोरली बहीण राजाबाई आत्ती. बाकीची मंडळी टेम्पोतनं पुढं गेली. निपाणीच्या पलीकडं, चिकोडीच्या वाटेवर त्यांचं गाव. अंधार पडायच्या आत माती व्हायला पाहिजे, असा गावातनं निरोप होता.

ती गाडी म्हणजे आप्पांच्या चेष्टेचा हक्काचा विषय होता. उंच, चौकोनी, गिअरच्या शेजारी आणखी एक आखूड दांडा असलेली. तो दांडा ओढला की चारी चाकांना जोर मिळतो. गाडी दारात आली तेव्हा आप्पा तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले होते, निपाणीच्या वखारीत तंबाखूची पोती वाहून माझी कंबर मोडली तवा कुणी एक चाक दिलं न्हाय, आणि हिला टिळकवाडीतल्या बँकेत जायला चार चाकांचा जोर पाहिजे. तोंडावर असं बोलायचे आणि पाठीमागं गल्लीत सांगत सुटायचे, माझ्या पोरीची गाडी झाडावर पण चढती.

तर सुनयनानं तो दांडा ओढला, गाडी गुरगुरत चिखलातनं निघाली आणि डांबरीवर आली. आता खरं तर दांडा परत जागेवर टाकायचा असतो. तिला ते अंगवळणी पडलेलं होतं. पण त्या दिवशी तिचं डोकं कुठं ठिकाणावर होतं? गॅसवर दूध राहिलं का काय, एवढं एकच तिच्या डोक्यात घोळत होतं. काकती गेली, हत्तरगीचा टोलनाका गेला, तरी दूधच. बाप गेला आणि आपण दुधाचा विचार करतोय, हे तिला कळत होतं. पण आत हात घातला तर काही लागतच नव्हतं. सगळं बधिर. रडू येत नव्हतं, आणि येत नाही याचं तिला भ्या वाटत होतं.

संकेश्वर मागं पडल्यावर आत्तीला उमासे यायला लागले, म्हणून तिनं गाडी हायवेवरनं बाजूच्या सर्व्हिस रोडला घेतली. वळण जरा आखूड होतं. स्टिअरिंग दगडासारखं झालं, गाडीनं हिसके दिले आणि मागनं कुणीतरी धरून ठेवल्यासारखी ती अडखळत थांबली. आप्पांचं डोकं हललं. तानीबाईनं दोन्ही हातांनी ते सावरलं.

तेव्हा कुठं सुनयनाचं लक्ष समोरच्या हिरव्या दिव्याकडं गेलं. चारी चाकांचा दिवा पिरनवाडीपासनं जळत होता. तिनं क्लच दाबून दांडा ढकलला. हलला नाही. जोर लावला, गाडी बंद करून परत चालू केली, चार हात पुढं नेऊन बघितली. दांडा आपल्या जागेवर ठाम, जसा काही सिमेंटात पुरलाय. खालनं जळका वास येत होता.

काय झालं असेल ते तिला समजलं होतं. चिखलात चारी चाकं जराजरा घसरतात, म्हणून पुढच्यांचं मागच्यांशी जमतं. डांबरीवर घसरता येत नाही. वळताना पुढची चाकं जास्त पळायला बघतात, मागची त्यांना ओढून धरतात, आणि तो सगळा पीळ आत गिअरमध्ये साठत जातो. एकदा साठला की दांडा जाम. पुढं तवंदीचा घाट होता, वळणावळणाचा उतार. तिथं स्टिअरिंग असं अडलं तर सगळे सरळ खाली.

तरी खात्री करावी म्हणून तिनं बेळगावच्या गॅरेजात साईराजला फोन लावला. त्यानं नीट विचारून घेतलं आणि म्हणाला, घाबरायचं काम न्हाय मॅडम. सरळ रस्ता बघा, स्टिअरिंग सरळ धरा आणि हळूहळू मागं घ्या. पुढं जाऊन भरलेला पीळ मागं आल्यावरच सुटतो. चालत्या गाडीतच दांडा सोडवायचा. मग त्यानं विचारलं, गाडीत माणसं किती हायत?

"मी, आत्ती, आई आणि आप्पा," सुनयना म्हणाली.

"मग त्यांना जरा खाली उतरवा की. वजन कमी झालं की लगेच सुटंल."

"आप्पांना उतरता येत न्हाय."

"वय झालं असंल. असू दे, बसू दे त्यांना," साईराज म्हणाला आणि फोन ठेवला.

सुनयनानं फोन मांडीवर ठेवला. एवढं ऐकून एखादीनं हंबरडा फोडला असता. तिला फक्त एवढंच वाटलं की साईराज चांगला मुलगा आहे, तोंडानं गोड आहे.

गाडी मागं घ्यावी लागंल, असं तिनं सांगितलं मात्र, आत्तीनं तिचं मनगट धरलं. मयत एकदा घरातनं निघालं की त्याचं तोंड पुढं. माघारी एक पाऊल न्हाय. माघारी नेलं तर जीव वाट विसरतो, घराकडं परत फिरतो आणि मग त्याला ना इकडचं ना तिकडचं. आत्ती काही अडाणी नव्हती. जयभीम म्हणायची, दर पौर्णिमेला विहारात जायची, पण काही गोष्टी हाडात मुरलेल्या असतात त्या कुठं जातात? त्यातनं या भावाला तिनं कडेवर घेऊन वाढवलेला. आई शेतात राबायला जायची तेव्हा हीच त्याची आई.

सुनयना म्हणाली की आप्पा असलं काही मानत नव्हते.

"त्यो मानत नव्हता. मी मानत्ये," आत्ती म्हणाली. "आणि त्यो आता काय बोलणार हाय व्हय?"

आत्तीचं म्हणणं असं की टेम्पो माघारी बोलवावा आणि भीमसेनला, म्हणजे आप्पांना, त्यात ठेवावं. यात चुकीचं काहीच नव्हतं. फोन केला असता तर टेम्पो आला असता. पण त्यातली नवखी माणसं आप्पांना खांद्याला-पायाला धरून ओढणार, रस्त्यावर उतरवणार, ट्रकवाले काचा खाली करून बघणार, हे सुनयनाला नको होतं. वखारीत आयुष्यभर पोती उचलली त्या माणसाला शेवटी पोत्यासारखं या गाडीतनं त्या गाडीत टाकायचं? सकाळपासनं तिला एवढं एकच करायचं होतं: आपल्या बापाला आपल्या गाडीतनं, आपल्या हातानं गावापर्यंत न्यायचं. त्यांच्यासाठी करण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं.

पण आत्तीला डावलायचं कसं? तीही रक्ताचीच. बाजूनं ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकागणिक गाडी थोडी हलत होती. दुपार कलायला लागली होती.

मागनं तानीबाई बोलली. सकाळपासनं तिच्या तोंडातनं शब्द फुटला नव्हता.

"वन्सं, तुमी खाली उतरा. बघू नका. नयना, तू घे मागं."

आत्तीनं तानीबाईच्या तोंडाकडं एकदा बघितलं. मग दार उघडून उतरली, रस्त्याकडंच्या दगडाजवळ जाऊन उभी राहिली आणि तिनं डोक्यावरचा पदर डोळ्यांवर ओढून घेतला.

सुनयनानं रिव्हर्स टाकला. आता मागं बघणं भाग होतं. समोरचा आरसा तिनं निघतानाच छताकडं फिरवून टाकला होता. दिवसभर तिनं आप्पांकडं बघितलंच नव्हतं. आंघोळ घालताना ती घरामागच्या परड्यात जाऊन उभी राहिली होती, फुलं वाहताना मान खाली होती. पण गाडी सरळ मागं घ्यायची तर वळून काचेतनं बघावंच लागतं, आणि काचेच्या आधी आप्पा होते. तिनं उजवा हात स्टिअरिंगवर, डावा दांड्यावर ठेवला, कंबरेतनं वळली आणि बघितलं.

हिसक्यानं चादर सरकली होती. दाढीचे पांढरे खुंट दिसत होते. शेवटचे चार दिवस त्यांनी दाढी करू दिली नव्हती. आणि कपाळावर ती आठी, पेपर वाचताना पडायची ती, कुणीतरी इस्त्री केल्यासारखी गेली होती. हे आप्पा नव्हतेच, आणि आप्पाच होते.

गाडी हळूहळू मागं सरकायला लागली. कुठंतरी खाली कड् असा आवाज झाला, मग दुसरा. दांडा तिच्या हातात आपोआप सैल पडला आणि लोण्यातनं सुरी जावी तसा जागेवर गेला. हिरवा दिवा विझला. चाकं मोकळी झाल्याचं स्टिअरिंगवरच्या हाताला कळलं.

"सुटलं न्हवं?" तानीबाईनं विचारलं.

"व्हय," सुनयना म्हणाली.

पण गाडी थांबली नाही. मागचा रस्ता सरळ होता, रिकामा होता, आणि ती आप्पांकडं बघत मागं घेत राहिली. संकेश्वर त्याच बाजूला होतं, हत्तरगी, काकती, पिरनवाडीतली चिखलाची गल्ली, बाहेरच्या खोलीतला पलंग, सगळं त्याच बाजूला. असंच घेत गेलं तर काल संध्याकाळ लागेल, आप्पा चहा मागतील, असं काहीतरी तिच्या हातापायांना वाटत होतं. पुढच्या काचेत आत्ती लहान लहान होत चालली होती. तिनं तोंडावरचा पदर काढला होता आणि हात वर केला होता.

तानीबाईनं आप्पांच्या डोक्याखालचा एक हात काढला आणि लेकीच्या खांद्यावर ठेवला.

"बास, बाळ," ती म्हणाली. "घर लई लांब हाय."

सुनयनानं ब्रेक दाबला. आईच्या हातावर गाल टेकून ती रडली, नाक-डोळे एक होईपर्यंत रडली. मग ओढणीनं तोंड पुसून तिनं पहिला गिअर टाकला आणि आत्तीला घ्यायला पुढं निघाली.