उंटाच्या लोकरीचा मफलर

माझ्या धाकट्या दिराला भंगाराचं वेड. आमच्यात वहिनी दिराला नावाने हाक मारत नाही, आपल्या मनाचं नाव ठेवते. त्याचं खरं नाव झारास, मी ठेवलं भंगारशेठ. शहरात, कारागांड्याला शिकून मूर्तिकार होऊन आला आणि इथे केलं काय, तर मोडक्या ट्रॅक्टरचा उंट करून बसथांब्यावर उभा केला. मी म्हटलं, आता बायकोही अशीच जोडून घे बाबा, निदान सांधे तरी पक्के असतील. पोरांनी त्या उंटावर चढून चढून त्याची पाठ गुळगुळीत केली आहे.

मग खाणीत स्फोट झाला आणि आमच्या वस्तीतली एक अख्खी पाळी वर आलीच नाही. आमचे हे त्यातच होते. गेलेल्यांचं स्मारक करायचं ठरलं, तेव्हा झारास म्हणाला की बाहेरचा एक खिळासुद्धा लावणार नाही, सगळं लोखंड खाणीतलंच. एक हात वर धरलेला खाणकामगार करायला घेतला. छिद्रं पाडायच्या सळयांचे पाय केले, कोळसा ओढणाऱ्या साखळ्यांच्या बरगड्या. खाली सगळ्यांची नावं येणार होती, एक सोडून.

ते एक नाव सांसिझबायचं. तो पाळीचा वायरमन. चौकशीवाले सांगून गेले की त्याच्या बटणाची ठिणगी पडली आणि वायू पेटला. तोही तिथेच मेला, पण त्याचं कोणाला काय. त्याची बायको बिबिझार माझ्याच गल्लीत राहते. दाराशी आलेल्याने पावाचा तुकडा तोंडात घातल्याशिवाय परत जायचं नाही असा आमचा रिवाज, म्हणून बायकांनी तिच्या दारावरून जाणंच सोडलं. तिच्याकडे नवऱ्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला कोणी गेलं नाही. मी तर खिडकीत बसून कोण जातंय का यावर नजर ठेवली होती.

बर्फ वितळल्यावर खालच्या बोगद्यातलं पाणी उपसलं आणि तिथलं भंगार झारासकडे आलं. एका दुपारी तो माझ्या स्वयंपाकघरात आला आणि चिखलाचं एक गाठोडं टेबलावर ठेवून सोडायला लागला. आत वायू मोजायची पेटी होती, जेवणाच्या डब्याएवढी. तिच्याभोवती गच्च बांधलेला उंटाच्या लोकरीचा मफलर, कडेला मेंढ्याच्या शिंगांची लाल नक्षी. आमच्याकडे कड बघून कुठल्या बाईचा हात ते ओळखतात. हात माझा होता.

हवेत वायू वाढला की ही पेटी आपोआप वीज तोडते. वीज गेली की काम थांबतं, आणि काम थांबलं की मुकादम आई-बहीण काढतो. म्हणून पाळीवाले पेटीला ओली लोकर गुंडाळायचे, म्हणजे वायू आत शिरत नाही. एकटे आमचे हे नाही, सगळेच. दर हिवाळ्यात घरोघरी मफलर हरवायचे आणि आम्ही बायका हसत हसत नवे विणायचो. कुठे हरवला असं कोणी विचारत नव्हतं, कारण सगळ्यांना माहीत होतं.

"वहिनी, पेटी मोकळी असती तर वीज आधीच गेली असती," झारास म्हणाला. "सांसिझबायच्या बटणात ठिणगी पडलीच नसती."

मग म्हणाला की चूल पेटलेलीच आहे, मफलर जाळलास तर ही नुसती पेटी उरेल, मी ती पुतळ्याच्या पोटात घालून वर पत्रा डकवीन. दादा माझाही होता, तू सांगशील तसं.

मी त्याला नाही नाही ते बोलले. मेल्या, परस्पर फेकून द्यायला काय झालं होतं तुला, कशाला माझ्या घरात आणलंस हे. चुलीचं दार उघडलं, मफलर नाकाशी धरला, तर नुसता चिखलाचा वास. मेलेल्या माणसाचा इतका राग येतो हे मला ठाऊक नव्हतं. खिडकीतून पाण्याचा नळ दिसतो. सगळ्या बायका भरून गेल्यावर बिबिझार बादल्या घेऊन आली. ती रोज अशीच मागून येते, मी रोज बघते. त्या दिवशी मला बघवेना.

"हातात दे त्याच्या," मी म्हटलं. "वर धरलेल्या हातात, सगळ्यांना दिसेल असं. आणि यांच्या नावाखाली सांसिझबायचं नाव घाल."

स्मारकावरचं कापड ओढलं तेव्हा आधी लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोखंडी माणसाने हात उंच धरला होता आणि हातात मफलर बांधलेली पेटी. लोकर कुजू नये म्हणून झारासने तिला लाख पाजली होती. मग कोणा बाईने कड ओळखली. टाळ्या थांबल्या आणि सगळ्याजणी वळून माझ्याकडे बघायला लागल्या. एका हिवाळ्यात तीन मफलर खाली पाठवणारी बातिमा पुढे आली आणि माझ्या पायाशी थुंकली.

दुसऱ्या दिवशी यांचं वर्षाचं जेवण होतं. घोडा कापला होता, मोठी कढई चढवली होती, झारासने स्वतः कणीक मळून पोळ्या लाटल्या. मुल्ला आला, दुआ म्हणाला, पावाचा तुकडा तोंडात टाकला आणि गुडघे दुखतात सांगून निघून गेला. मग कोणी नाही. दुपार कलली तसं मांसावर चरबी गोठायला लागली. झारास पुन्हा पुन्हा लाकडं सारत होता. पुरे कर रे भंगारशेठ, मी म्हटलं.

तेव्हा दार वाजलं. बिबिझार होती. मी पावाची परात घेऊन पुढे झाले. तिने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं, अंथरलेलं लांबलचक कापड आणि दोन्ही बाजूंच्या रिकाम्या बैठका.

"किती उरलं ते बघायला आले," ती म्हणाली. "माझ्याकडे सगळं उरलं होतं."

तिने पावाचा तुकडा मोडला, उंबऱ्यावर उभ्याउभ्याच चावला, गिळला आणि गेली. रिवाज तिने पाळला. बस म्हणायला मला तोंड नव्हतं.