वीस वेळा टक्

माझा धाकटा भाऊ बावीस वर्षं आमच्या गॅरेजमध्ये माझ्या शिव्या खातो आहे, आणि त्यातल्या निम्म्या एकाच कारणासाठी. टॉर्क पाना वापरून झाला की मूठ फिरवून त्याचा आकडा अगदी खाली आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग थकते. हा पाना हव्या त्या आकड्यावर लावला की तेवढा जोर पडल्यावर टक् वाजतो. मग बोल्ट सैलही राहत नाही आणि ताणून तुटतही नाही. धाकट्याला सगळं काम येतं, फक्त तो आकडा खाली आणायचं लक्षात राहत नाही.

त्या दिवशी मात्र लक्षात राहिलं.

दुपारी माझी लेक सासरी परत निघाली होती, सोबत चार वर्षांची नात. मी म्हटलं, एवढ्या लांब जातेस तर पुढची चाकं मागे, मागची पुढे करून देतो.

"तुम्हाला गाडी दिसली की खोलल्याशिवाय चैनच पडत नाही, बाबा," ती म्हणाली.

चाकं चढवली, साध्या पान्याने बोल्ट आवळले, गाडी जॅकवरून उतरवली आणि टॉर्क पाना उचलला. सकाळपासून एकशेदहावरच काम चाललं होतं, आकडा कशाला बघू? नात शेजारी उकिडवी बसून टक् मोजत होती. एका चाकाचे पाच, चारांचे वीस. दर बोल्टला पाना लगेच वाजत होता. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या मनगटात अजून दम आहे.

त्या दोघी गेल्या आणि पाऊण तासाने दुसरी गाडी आली. तिचा आकडा वेगळा, म्हणून पाना उजेडात धरला. अठ्ठावीस.

"पान्याला हात लावलास?"

"जेवायला जाताना खाली आणून ठेवला," धाकटा म्हणाला. तो चक्क शाबासकीची वाट बघत होता. "म्हटलं, आज तरी दादाची बोंब नको."

मी हात उगारला आणि तो वरच राहिला. त्याने माझंच ऐकलं होतं. न बघता पाना उचलणारा मी.

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. गाडी चालवताना फोनला हात लावलास तर तंगडं मोडीन, असा दम तिला मीच दिलेला. आयुष्यात बापाची हीच एक गोष्ट ऐकायची होती का हिला?

आमच्याच जुन्या गाडीतून निघालो. धाकटा चालवत होता, मी पाना मांडीवर धरून. सैल बोल्टचं काय होतं ते मला कुणी सांगायला नको. आधी थरथर, मग एकेक बोल्ट गळतो, आणि एका क्षणी चाक सुटून गाडीच्या पुढे पळतं. रस्त्याकडेला कुठेही चार माणसं जमलेली दिसली की मी काचेतून मान बाहेर काढून बघायचो. साठीचा मी, ग्रीसच्या हातांनी डोळे पुसत होतो आणि धाकट्यावर ओरडत होतो, "पाय दाब, पाय दाब!"

फोन वाजला. लेकीचा नंबर. माझ्याने तो उचलवेना. तिच्या फोनवरून कुणी परकं माणूस बोलायला लागलं तर?

"दादा, उचल ना!" धाकटाही रडकुंडीला आला होता.

"बाबा," लेकीचा आवाज आला, "छोटीला शू लागली म्हणून थांबले. ती आता चाकापाशी बसून मोजतेय. म्हणते, इथे तीनच टक् आहेत."

"जागची हलू नकोस," मी ओरडलो.

पोचलो तेव्हा दोघी झाडाखाली उभ्या होत्या. नातीला उचलून घेतलं आणि पाना धाकट्याच्या हातात दिला.

"आकडा तू लाव," मी म्हणालो. "आणि मोठ्याने वाच."

"एकशेदहा," तो म्हणाला. बाकीच्या दोन चाकांतला एकेक बोल्ट काढून त्याने तिथे बसवला आणि चारही चाकं पुन्हा आवळली.

मी लेकीकडे वळलो. "अगं, गाडी थरथरली असेल. कळलं नाही तुला?"

"कळलं ना. अर्धा तास थरथरत होती," ती म्हणाली. "पण चाकं तुम्ही बसवलेली, बाबा. म्हणून मी थांबलेच नाही."