भोंगा ध्यानाला बसतो

गाडी शिकवणाऱ्या त्या माणसाला अख्खी ड्रायव्हिंग स्कूल 'भोंगा' म्हणायची, आणि तोंडावर म्हणायची. माणूस वाईट नव्हता. शिकवण्यात तर पक्का होता. पण शेजारच्या सीटवर बसलेल्या शिकाऊने क्लच जरा लवकर सोडला, की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची आणि तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. "आरसा काय भांग पाडायला लावलाय?" "डावीकडे म्हटलं, डावीकडे! आपल्या दोघांची डावी एकच आहे!" काचा बंद असल्या तरी फुटपाथवरची माणसं दचकून आपापल्या डावीकडे बघायची.

एक दिवस एका बँकेतल्या बाईंनी ऐन चौकात गाडी थांबवली. किल्ली काढली, पर्समध्ये टाकली, दार उघडून शांतपणे उतरल्या आणि समोर आलेल्या बसमध्ये चढून निघून गेल्या. भोंगा बिनकिल्लीच्या गाडीत, मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. शेवटी त्यानेच उतरून, खिडकीतून हात घालून, गाडी ढकलत कडेला घेतली. दुसऱ्या दिवशी किल्ली कुरिअरने आली.

स्कूलच्या मालकीणबाईंनी ते पाकीट त्याच्यापुढे ठेवलं.

"तुम्ही ध्यान करा," त्या म्हणाल्या.

"काय करू?"

"ध्यान. मेडिटेशन. त्या व्यायामशाळेच्या वरच्या खोलीत वर्ग चालतो, नवशिक्यांसाठी. मी तुमचं नाव दिलंय."

"पण मला काय झालंय?"

"तुम्हाला काही होत नाही हो. जे होतं ते शिकणाऱ्यांना होतं. वर्गाला जा, नाहीतर उद्यापासून गाड्या धुवा."

भोंगा गेला. जाताना मनातल्या मनात बऱ्याच जणांचा उद्धार करत गेला.

वर्ग घेणाऱ्या बाई निवृत्त दातांच्या डॉक्टर होत्या. बुटक्या, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी आल्याआल्याच सांगितलं, "आयुष्यभर लोकांना 'आ करा' म्हणत आले. आता 'मिटा' म्हणते. तोंडही आणि डोळेही."

सगळ्यांनी मिटलं. खालच्या व्यायामशाळेत कोणीतरी वजनं धाडकन आपटत होतं. भोंग्याच्या शेजारचा गृहस्थ पहिल्याच मिनिटाला घोरायला लागला. भोंग्याच्या गुडघ्याला मुंग्या आल्या, पोटात गुरगुर झाली, नाकाच्या शेंड्याला खाज सुटली. नुसतं श्वासाकडे लक्ष ठेवायचं होतं. श्वास आत जात होता, बाहेर येत होता. यात बघण्यासारखं काय आहे ते त्याला कळेना. तेवढ्यात त्याला ती किल्ली आठवली, मग ते पाकीट, मग मालकीणबाई, आणि बघता बघता तो डोळे मिटून त्यांच्याशी कडाडून भांडत होता.

"मन भटकलं की परत आणायचं," डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. "रागवायचं नाही. नुसतं परत आणायचं."

भोंग्याने एक डोळा उघडला. "रागावल्याशिवाय कोणी परत येतं का?"

"तुमच्याकडचे येतात?" बाईंनी विचारलं. त्यांना मालकीणबाईंनी सगळं सांगितलेलं दिसत होतं.

घोरणारा गृहस्थ झोपेतच हसल्यासारखा वाटला. भोंग्याने उघडलेला डोळा पुन्हा मिटला.

बाईंनी घरीही रोज सकाळी थोडा वेळ बसायला सांगितलं होतं. घरात जागा कुठली? शेवटी त्याने बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या बाजूला खुर्ची टाकली. पहिल्याच दिवशी बायको दोनदा येऊन कपाळाला हात लावून गेली. "अहो, ताप तर नाही. मग गप्प का?" मुलगी टूथब्रश तोंडात धरून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, डोळे मिटलेत पण कपाळावर आठ्या तशाच आहेत. आठ्यापण मिटा." सासूबाईंनी खोलीतून डोकावून निकाल दिला, "झोपलेत. चादर घाला अंगावर." सासरे गेल्यापासून त्या इथेच राहायच्या. जावयाशी फार बोलायच्या नाहीत. त्याचं बोलणं संपेल तेव्हा बोलायचं, तर ते संपायचंच नाही.

ध्यानाने चेहऱ्यावर तेज येतं, असं त्याने ऐकलं होतं. तेज काही आलं नाही. पण बारीकसारीक भलतंच घडायला लागलं. आपण दिवसभर दातांवर दात रोवून बसतो, हे त्याच्या लक्षात आलं. जबडा सैल सोडला तर संध्याकाळी डोकं दुखत नाही, हेही कळलं. आपला फ्रिज गुणगुणतो, हे त्याला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. नाश्ता करताना तो घास चावायला लागला आणि बायको मीठ जास्त घालते हे त्याला समजलं. ते त्याने बोलून दाखवलं. बायको म्हणाली, "मग ध्यान बंद करा."

गाडीत मात्र फारसा फरक नव्हता. ओरडणं चालूच होतं. फक्त आता ओरडून झाल्यावर त्याला कळायचं, की आपण ओरडलो. पूर्वी तेवढंही कळायचं नाही. त्याने वर्गात वैतागून हे सांगितलं, तर डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "चला, कीड दिसली. आता कोरून काढू."

अशातच एका सकाळी मालकीणबाई म्हणाल्या, "नवीन शिकाऊ आल्यात. गाडीत बसल्यात बघा."

भोंग्याने दार उघडलं आणि तसाच उभा राहिला. ड्रायव्हरच्या सीटवर सासूबाई. पायात नवेकोरे स्पोर्ट्स शूज, सीट इतकी पुढे ओढलेली की नाक काचेला टेकायचंच बाकी.

"आई? तुम्ही?"

"का? म्हाताऱ्यांना बंदी आहे?"

"तसं नाही, पण घरी सांगितलं असतंत तर..."

"घरी सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता. घरी मी सासू. इथे मी गिऱ्हाईक आहे. बसा, जावईबापू."

भोंगा बसला. सीट मागे कशी सरकवायची इथून सुरुवात झाली. सासूबाई सपाट रस्त्यावर बऱ्या निघाल्या. वळताना मात्र त्या गाडीबरोबर स्वतःही वळायच्या, इतक्या की भोंग्याला खिडकीला चिकटून बसावं लागायचं. गिअर बदलताना गाडी खाकरायची. भोंगा ओठ घट्ट दाबून धरायचा आणि धडा संपला की स्वच्छतागृहात जाऊन आरशासमोर मनसोक्त बोलून यायचा. सासूवर ओरडणं म्हणजे घरी रोजचं महायुद्ध, एवढी अक्कल त्याला ध्यानाआधीपासूनच होती.

मग चढाचा दिवस आला. पाण्याच्या टाकीजवळ रस्ता चांगलाच उभा आहे आणि नेमका चढाच्या मधोमध सिग्नल. सिग्नल लाल झाला. सासूबाईंनी गाडी थांबवली. हिरवा झाला. गाडी एक आचका देऊन बंद पडली आणि मागे सरकायला लागली. मागे एक व्हॅन. भोंग्याने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. सासूबाईंनी पुन्हा चालू केली. पुन्हा आचका, पुन्हा बंद. व्हॅनवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही.

आणि भोंग्याचा राग उसळला. पण या वेळी तो उसळताना त्याला दिसला. आधी पोटात गोळा आला, मग छाती आवळली, मग कानांच्या पाळ्या तापल्या, आणि जबडा घट्ट झाला. 'आला,' त्याने मनात म्हटलं. सासू, घर, महायुद्ध असा काहीच विचार त्या घटकेला त्याच्या डोक्यात नव्हता. त्याने फक्त एक श्वास घेतला, पुरता, आत आणि बाहेर. मागे हॉर्न चालूच होता, पण तेवढ्यापुरती गाडीच्या आत शांतता झाली.

त्या शांततेत त्याला ऐकू आलं. सासूबाई काहीतरी पुटपुटत होत्या. "तुझ्या डोक्यात काही शिरायचं नाही. उतर. उतर खाली. बाजूला हो, मी चालवतो."

हे त्यांचं बोलणं नव्हतं. त्या असं कोणाशी बोलायच्याच नाहीत.

"आई," त्याने विचारलं, "असं कोण म्हणालं होतं?"

त्या दचकल्या. "मोठ्यांदा बोलले का मी?" मग स्टिअरिंगकडे बघत म्हणाल्या, "कोण म्हणणार? हे म्हणाले होते. लग्नानंतर गाडी घेतली तेव्हा मला शिकवायला निघाले होते. असाच चढ होता. सगळा रस्ता बघत होता. मी उतरले ती पुन्हा त्या सीटवर बसले नाही. नेहमी शेजारी. पिशव्या मांडीवर घेऊन."

सासरे म्हणजे भोंग्याच्या लेखी देवमाणूस. मृदू बोलणारा, हसतमुख. हा देवमाणूस गाडीत आपल्यासारखाच भोंगा होता, हे ऐकून त्याला काय वाटावं तेच कळेना. ते बोलणं एकदाच झालं होतं आणि सासूबाईंच्या डोक्यात जन्मभर वाजत राहिलं होतं. आपल्या गाडीतून उतरून गेलेली माणसं घरी जाऊन काय काय पुटपुटत असतील, असं त्याच्या मनात आलं.

तेवढ्यात व्हॅनवाल्याने खिडकीतून डोकं काढलं. "ओ! म्हातारीला कशाला देता गाडी? घरी बसवा!"

भोंग्याने हँडब्रेक ओढला. "आई, एक मिनिट हं." तो उतरला, शांतपणे व्हॅनपर्यंत गेला, खिडकीवर कोपर टेकवलं आणि मग आवाज सोडला. काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. टाकीवरची कबुतरं उडाली. बाजूच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं. व्हॅनवाला काच वर करायला लागला, पण काच भोंग्याच्या कोपराला अडली, त्यामुळे त्याला सगळं ऐकावं लागलं.

परत येऊन भोंगा सीटवर बसला, पट्टा लावला. कान लाल, पण आवाज मऊ.

"हं आई. घाई नाही. सिग्नल गेला तर जाऊ दे, पुन्हा येतोच तो. क्लच अगदी सावकाश सोडा. थरथर जाणवली की सांगा."

"जाणवतेय."

"गाडी थरथरतेय की तुम्ही?"

"दोघी."

"चालेल. आता थोडा अ‍ॅक्सिलरेटर... आणि हँडब्रेक खाली."

गाडी खाकरली, डगमगली, आणि सावकाश चढ चढून गेली. वर पोचल्यावर सासूबाईंनी गाडी कडेला घेतली आणि पदराने डोळे पुसले. मग म्हणाल्या, "खाली जाऊन परत एकदा येऊ या का?" ते दोघं पुन्हा पुन्हा आले. शेवटी सिग्नलजवळचा फुलवाला त्यांना हात करायला लागला.

वर्गात भोंग्याने मान खाली घालून कबूल केलं. "बाई, मी ओरडलो. बरंच."

"सुटलं, की ठरवून ओरडलात?"

भोंग्याने जरा विचार केला. "ठरवून."

"मग ध्यान बरं चाललंय तुमचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मिटा."

सासूबाई परीक्षेत एकदा नापास झाल्या, कारण त्यांनी परीक्षा घेणाऱ्या साहेबालाच पट्टा लावायला सांगितलं आणि तो लावेपर्यंत गाडी हलवली नाही. दुसऱ्या खेपेला पास झाल्या. आता दर शनिवारी त्या एकट्या गाडी घेऊन मैत्रिणीकडे जातात. भोंगा आजही ओरडतो, पण आठवड्यात एखाद्या वेळी, आणि नंतर शिकाऊला चहा पाजतो. नाव काही पुसलं गेलं नाही. स्कूलमध्ये तो भोंगाच आहे.

एका शनिवारी आईला निरोप देऊन बायको बाल्कनीत आली आणि रेलिंगला टेकून म्हणाली, "अहो, आई शिकली. आता मलापण शिकवा ना."

भोंग्याने डोळे मिटले. एक श्वास घेतला, पुरता, आत आणि बाहेर. मग म्हणाला, "नाही गं. अजून तेवढा अभ्यास झालेला नाही."