गीताबाईचा दात

सिद्धोधन पालमच्या बसस्टँडसमोर, बन्सीधरच्या फ्लेक्सच्या दुकानात बसून दिवसभर लोकांना सुंदर करायचा. वाढदिवसाचा बॅनर असो की श्रद्धांजलीचा, आलेल्या फोटोतली चामखीळ पुसायची, केस काळे करायचे, गळ्यात नसलेली चेन घालायची. एका उपसरपंचाला त्याने इतका गोरा केला, की खुद्द बायकोने दुकानात येऊन 'हे कोण?' म्हणून चौकशी केली.

हे पोटासाठी. कलेसाठी तो 'खाज' काढायचा. सोळा पानांची चित्रकथा, झेरॉक्स करून मधोमध दोन पिना मारलेली. पहिल्या पाच अंकांत त्याने व्यवस्थेला झोडपलं. व्यवस्थेला पत्ता लागला नाही. पाचवा अंक अकरा जणांनी मागवला, त्यातल्या एकाने परत पाठवला.

सहाव्यात त्याने आईचा दात आणला.

गीताबाईला समोर एकच दात उरला होता. वरचा, पुढे आलेला, जरासा डावीकडे बघणारा. पालमात तो कुणी पाहिला नव्हता. बोलताना ती तोंडावर पदर धरायची, हसताना दोन्ही हातांनी धरायची. लग्नांच्या एकूण एक अल्बममध्ये ती तिखटाच्या गिरणीत उभी असल्यासारखी दिसे. आधारकार्डावर फोटो होता, पण तो सगळ्यांचा असतो तसा कुणाचाच नव्हता. दात ठाऊक होता दोघांना. एक नवरा, तो वारला. दुसरा सिद्धोधन.

सहाव्या अंकात दात घर सोडतो. सातव्यात ग्रामपंचायतीला उभा राहून डिपॉझिट घालवतो. आठव्यात त्याला स्थळ येतं. पुण्याहून, गोव्याहून मागण्या यायला लागल्या आणि नवव्या अंकाला थेट बेंगळुरूच्या चित्रकथा महोत्सवाचं बोलावणं आलं. 'निर्दय प्रामाणिकपणा' असं कुणीतरी लिहिलं, ते सिद्धोधनने भिंतीवर चिकटवलं. गीताबाईला वाचता येत नव्हतं. ती त्यावरची धूळ रोज पुसायची.

याच सुमारास तिच्या छातीत दुखायला लागलं.

"सिद्धू, म्या गेल्यावर पुण्यानुमोदनाला फोटू लागंल," ती म्हणाली. "तूच करून ठेव. त्या उपसरपंचाला केलंस तसं. दात तेवढा दिसू देऊ नको बाबा."

"करतो माय."

"कवा?"

"करतो म्हनलं की."

केलं नाही. परक्याला गोरं करणं ही नोकरी होती. आईला सुंदर करणं हा खोटेपणा. या बाबतीत तो फार कडक होता.

मग बन्सीधरला उमाळा आला. "सिद्धू, तुह्या अभिनंदनाचा ब्यानर आपल्याकडून. बारा बाय दहा. फोटो कोन्ता टाकू?"

सिद्धोधनचं चित्र आजवर वहीच्या पानाहून मोठं छापलं गेलं नव्हतं. त्याने अर्धा मिनिट विचार केला.

"नवव्या अंकाचं कव्हर टाका."

"त्याच्यात तुही माय हाय. तिला इचारलंस का?"

"कला हाय ती, भाऊ."

बन्सीधर कलेला घाबरायचा. त्याने टाकलं.

दुसऱ्या दिवशी गीताबाई परभणीहून छातीचं दाखवून एसटीतून उतरली. समोर तिचा दात. दोन फूट उंच. खाली पालमकरांतर्फे हार्दिक अभिनंदन.

"अगं गीताबाई!" भाजीवाली कस्तुराबाई ओरडली. "पोरानं नाव काढलं की! आन् येवढ्या वर्षानं तुहं तोंड पाह्यलं बाई!"

"मावशी, पदर काढा की," एक ऑटोवाला मोबाइल घेऊन आला. "वरचा आन् खालचा, दोनी संगं येऊ द्या."

गीताबाईने पदर दोन्ही हातांनी गच्च धरला. वर पाहिलं. मग सोडला. ऑटोवाल्याने फोटो घेतला, नीट आला नाही म्हणून आणखी एक घेतला.

ती घरी गेलीच नाही. त्याच एसटीने परभणीला परत गेली आणि दिवेलागणीला दात उपटून आली. गोळ्यांच्या चिठ्ठीत बांधलेला दात तिने सिद्धोधनपुढे ठेवला.

"हे काय केलंस माय!" सिद्धोधनच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. महोत्सव तीन आठवड्यांवर होता.

"आता काढ माहं चित्र," तोंडात कापूस धरून ती म्हणाली. "आता तर काई अडचन न्हाई."

ती बाजेवर बसली. पदर खांद्यावर, हात मांडीवर. अशी ती कुणापुढे कधी बसली नव्हती. सिद्धोधनने कागद घेतला, पेन टेकवलं. गीताबाई मान पुढे करून बघत होती. पांढऱ्या कागदावर, कपाळाच्या आधी, डोळ्यांच्या आधी, दात उमटला. डावीकडे बघणारा.

"कामून रे?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता.

"हाताला सवय लागली, माय."

गीताबाईने मान मागे घेतली.

"ऱ्हाऊ दे. म्या मेल्यावर बन्सीधरला सांग. त्यो परका हाय, नीट करील."

तोंडावर पदर घेऊन ती भाकरी टाकायला उठली.

सिद्धोधनने कागद फाडला नाही. दहावा अंक तिथूनच सुरू झाला. तिचं वाक्य त्याने संवादाच्या पहिल्याच फुग्यात जसंच्या तसं घातलं. बेंगळुरूत त्यावर लोक लय हसले.